खिचडा, हलीम आणि क्यूबाचे ‘जुने कपडे’ : मटणाचे धागे होईपर्यंत शिजवायची ही पद्धत आहे तरी काय?

गावाकडे मोहरम म्हटलं की ताबूत, पीर, चोंगे आणि मलिदा आठवतो. मुंबईत मोहरम म्हटलं की खिचडा. जोगेश्वरी, अंधेरीचं मिल्लत नगर, मालाडची मालवणी, कुर्ला अशा भागांत मोहरमच्या नवव्या-दहाव्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी मोठमोठ्या डेगा चढतात. आत गहू, जव, चार-पाच प्रकारच्या डाळी आणि मटण. बाजूला माणसं आळीपाळीने उभी राहतात आणि लांब दांड्याच्या जाड लाकडी घोट्याने ते मिश्रण रात्रभर घोटत राहतात. सकाळी वाटप सुरू होतं तेव्हा मटणाचे तुकडे शोधावे लागतात, कारण त्यांचे धागे होऊन ते गव्हात मिसळून गेलेले असतात.

मटण एवढं शिजवायचं की ते सुरीने कापावंच लागू नये, आपोआप रेशारेशात सुटावं, ही पद्धत फक्त इथलीच नाही. साता समुद्रापार क्यूबामध्ये याच पद्धतीने केलेला एक पदार्थ देशाची ओळख बनला आहे. त्याचं नाव ‘रोपा बिएहा’. स्पॅनिश भाषेत याचा अर्थ जुने कपडे! टोमॅटो, कांदा आणि ढोबळी मिरचीच्या रश्शात पडलेले मांसाचे धागे फाटक्या, उसवलेल्या कापडासारखे दिसतात म्हणून हे नाव. गंमत म्हणजे त्यासाठी जनावराच्या पोटाकडचा जो भाग वापरतात, त्याला स्पॅनिशमध्ये ‘फाल्दा’ म्हणतात, आणि फाल्दाचा दुसरा अर्थ स्कर्ट.

खिचडा आणि रोपा बिएहा यांचा एकमेकांशी काही नातेसंबंध नाही. एक पश्चिम आशियातून आला, दुसरा स्पेनच्या कॅनरी बेटांवरून. पण दोघांची गोष्ट एका ठिकाणी फारच जुळते. ते ठिकाण म्हणजे पातेल्यात नेमकं कुठलं मांस पडणार, हा प्रश्न.

खिचडा आणि हलीम यांत फरक काय?

सोशल मीडियावर दरवर्षी रमजान आणि मोहरममध्ये हा वाद रंगतो. साधं उत्तर असं की सामान जवळपास तेच असतं, घोटणं कमी-जास्त असतं. मुंबईच्या खिचड्यात गव्हाचा दाणा थोडाफार दिसतो, डाळी जास्त असतात आणि बऱ्याच घरांत मटणाचे तुकडे अख्खे ठेवतात. हलीममध्ये सगळं एकजीव होतं. चमचा उचलला की मटणाचा धागा ताणला गेला पाहिजे, अशी अपेक्षा असते. पण हा काही कायदा नाही. एकाच इमारतीतल्या दोन घरांत खिचडा वेगवेगळा लागतो आणि दोन्ही घरं आपलाच खरा असं म्हणतात.

दोघांचा पूर्वज मात्र एकच आहे, अरबस्तानातला ‘हरीस’ किंवा ‘हरीसा’. अरबीत कुटणं, चेचणं या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आलं. गहू आणि मांस इतके शिजवायचे आणि कुटायचे की दोन्ही वेगळे ओळखू येऊ नयेत. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न सय्यार अल-वर्राक याने लिहिलेल्या पाकग्रंथात हरीसा आहे. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त तर हरीसा आणि हलीम दोन्ही स्वतंत्रपणे नोंदवलेले आहेत. त्यातल्या हरीसाला १० शेर मांस, ५ शेर कांडलेला गहू, २ शेर तूप, मीठ आणि दालचिनी. बस्स. मिरची नाही, आलं-लसूण नाही. हलीममध्ये हरभऱ्याची डाळ, भाज्या आणि मसाले येतात, म्हणजे आजच्या खिचड्याकडे जाणारी वाट तिथेच दिसते.

हरीसाचे वंशज आजही अनेक ठिकाणी आहेत. श्रीनगरच्या जुन्या शहरात थंडीच्या दिवसांत पहाटे मिळणारा हरीसा हा त्यातलाच, फक्त तिथे गव्हाऐवजी तांदूळ घालतात. संयुक्त अरब अमिराती, ओमान आणि सौदी अरेबिया इथल्या हरीसची परंपरा युनेस्कोने २०२३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. हैदराबादी हलीमला त्याआधीच, २०१० मध्ये, भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळालं. त्याच्या ठरलेल्या प्रमाणात १० भाग मांसाला ४ भाग गहू येतो. अकबराच्या मुदपाकखान्यातलं १० ला ५ हे प्रमाण फार दूर नाही!

मुंबईचा खिचडा या प्रमाणापासून बराच लांब गेला आहे. इथे धान्य आणि डाळी मिळून मांसाच्या बरोबरीने किंवा जास्तच असतात. कारण सरळ आहे. हा विकायचा नाही, वाटायचा पदार्थ आहे. एका डेगेत गल्ली जेवली पाहिजे.

मोहरमच्या दहाव्या दिवसाला आशुरा म्हणतात. इसवी सन ६८० मध्ये करबलाच्या मैदानात इमाम हुसेन आणि त्यांचे साथीदार याच दिवशी मारले गेले. त्यांना पाणी तोडलं होतं, म्हणून रस्त्यावर पाणी-सरबताच्या सबीली लागतात आणि इमामांच्या नावाने अन्न वाटलं जातं. शिया समाजासाठी हा शोकाचा दिवस असतो, त्यामुळे खिचड्याकडे सणाची मेजवानी म्हणून पाहणं चुकीचं ठरेल. सगळी धान्यं एकत्र का करतात, याची आणखी एक गोष्ट सांगितली जाते. महापुरानंतर पैगंबर नूह यांची नौका किनाऱ्याला लागली तेव्हा उरलंसुरलं धान्य एकत्र करून शिजवलं गेलं, तीच ही आठवण. तुर्कस्तानात याच गोष्टीवरून ‘आशुरे’ करतात, पण ते गोड असतं आणि त्यात मांस नसतं.

धागे सुटतात कशामुळे?

मांस म्हणजे बारीक तंतूंच्या जुड्या. त्या जुड्या बांधून ठेवणारं जे आवरण असतं, त्यात कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं. जनावराचा जो भाग जास्त हालचाल करतो, म्हणजे पाय, खांदा, मान, तिथे ते जास्त. म्हणून हे भाग चिवट. पटकन परतले तर चावता चावत नाहीत. पण पाण्यात मंद आचेवर तासन् तास ठेवले की कोलॅजेन विरघळून त्याचं जिलेटिन होतं. बांधणारा दोराच सुटला की जुडी आपोआप मोकळी होते. रश्शाला जो चिकट दाटपणा येतो तो या जिलेटिनचा. गव्हाचा स्टार्च त्यात मिसळला की खिचड्याला ती विशिष्ट लय येते.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, यासाठी महाग, कोवळा भाग घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे. खाटकाकडे चाप मागण्यापेक्षा दस्ती म्हणजे पुढचा पाय, नळी किंवा मान मागावी. दुसरी, तुकडे मोठे हवेत. बारीक तुकडे केले तर तंतूच आखूड होतात, मग धागे निघणार कुठून?

गरिबाघरी हा पदार्थ का जन्मला, हेही इथेच कळतं. जे मांस कुणाला नको ते आणायचं, आणि पैशाची कसर वेळेने भरून काढायची. कॅनरी बेटांवर रोपा बिएहा उरलेल्या मांसाचा करत, त्यात काबुली चणे घालून. तिथली एक लोककथाही हेच सांगते. घरात काहीच नसलेल्या एका माणसाने आपले जुने कपडे फाडून पातेल्यात टाकले, प्रार्थना केली, आणि कपड्यांचं मांस झालं.

पातेल्यात कुठलं मांस, हे कोण ठरवतं?

आता त्या जुळणाऱ्या मुद्द्याकडे. रोपा बिएहा मुळात गोमांसाचा. पण क्यूबात क्रांतीनंतर, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून, गाई-बैल सरकारी परवानगीशिवाय कापणं गुन्हा ठरलं. स्वतःच्या गोठ्यातलं जनावर असलं तरी. शिक्षा इतकी कडक की माणूस मारण्यापेक्षा गाय मारणं महागात पडतं, असा कडवट विनोद तिथे केला जातो. परिणाम काय झाला? ज्या पदार्थाने देश ओळखला जातो, तो देशातल्या सामान्य घरात दुर्मीळ झाला. मायामीत स्थायिक झालेले क्यूबन लोक गोमांसाचा रोपा बिएहा खात राहिले, आणि हवानातल्या घरांत जे मिळेल त्याचा, डुकराचा किंवा मेंढीचा, होऊ लागला. हवानातल्या अनेक खासगी खानावळींत आजही तो मेंढीच्या मांसाचा मिळतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये सरकारने नियम थोडे सैल केले, तेही शेतकऱ्याने ठरलेला सरकारी वाटा आधी दिला तरच.

महाराष्ट्रात कारण पूर्ण वेगळं, पण स्वयंपाकघरातला परिणाम तसाच. राज्यात १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्याने गोहत्येवर आधीपासून बंदी होती. १९९५ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती करून बैल आणि वळू यांनाही बंदीत आणलं. ती दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीसाठी तब्बल दोन दशकं पडून होती आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये मंजूर झाली. कत्तलीसाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस नुसतं बाळगणं हाही गुन्हा ठरवणारी कलमं न्यायालयाने रद्द केली.

म्हैस-रेडा या बंदीत नाहीत. त्यामुळे आज मुंबईत ‘बडे का’ म्हणून जे मिळतं ते रेड्याचं किंवा म्हशीचं, आणि ‘छोटे का’ म्हणजे बकऱ्याचं. देवनारला १९७१ पासून चालू असलेला महापालिकेचा कत्तलखाना शहराच्या मटणबाजाराचा कणा आहे.

खिचड्यावर याचा थेट परिणाम होतो, कारण बकऱ्याचं मटण बड्याच्या कितीतरी पट महाग. डेग जितकी मोठी तितका हा फरक बोचतो. मग कुठे मटण कमी आणि डाळ जास्त, कुठे बडं, कुठे सरळ चिकन. चिकनचा खिचडा लवकर होतो आणि खिशाला परवडतो, हे खरं. पण कोंबडीत कोलॅजेन कमी असल्यामुळे तो दाटपणा येत नाही, आणि छातीचं मांस घेतलं तर भुशासारखं लागतं. चिकनच वापरायचं तर तंगडीचं, हाडासकट.

चवीची तुलना करायची तर रेड्याचं मांस गडद, जाड तंतूचं असतं आणि धागे लांब सुटतात. खिचड्यासाठी ते खरं म्हणजे जास्त योग्य. बकऱ्याचे धागे बारीक आणि मऊ. हैदराबादी हलीमवाले बकऱ्यालाच प्रमाण मानतात, तो त्यांचा मुद्दा. मुंबईच्या गल्लीतल्या डेगेला तेवढी चैन परवडत नाही.

घाटकोपर-मुलुंडचा बिनमांसाचा ‘खिचडो’

खिचडा हा शब्द ऐकून घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवलीतल्या एखाद्या गुजराती आजी म्हणतील, ‘आमच्याकडेही होतो.’ आणि ते बरोबरच आहे. उत्तरायणाला म्हणजे संक्रांतीला काठियावाडी घरांत सात धान्यांचा खिचडो करतात. गहू रात्रभर भिजवायचे, कांडून त्यांचं साल काढायचं, मऊ शिजवायचे. गोड खिचडोत साखर, तूप, वेलची आणि सुकामेवा. तिखटात ओले तुरीचे दाणे, मटार, आलं-मिरची. सालीसाठी गहू कांडणं, रात्रभर भिजवणं, तासभर ढवळणं, सगळं तेच. फक्त मांस नाही.

कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. खपली गव्हाची खीर करताना गहू असेच सडून घेतात. सीमाभागात तिलाच हुग्गी म्हणतात. म्हणजे खिचड्याचं अर्धं तंत्र मराठी घरात आधीपासून आहेच.

घरच्या कुकरमध्ये जमतं का?

जमतं. डेगेची चव येणार नाही, कारण लाकडाचा धूर आणि रात्रभराची आच कुकरमध्ये मिळत नाही. पण कुकरमधल्या पाण्याचं तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जातं, त्यामुळे कोलॅजेन विरघळायला लागणारे चार-पाच तास तासाभरावर येतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या चार-सहा माणसांच्या घराला अंदाज असा.

एक वाटी कांडलेले गहू आणि पाव वाटी जव रात्रभर भिजवायचे. मुस्लीम वस्तीतल्या किराणा दुकानात मोहरम-रमजानच्या आधी कांडलेले गहू सहज मिळतात, खिचड्याच्या तयार मिश्रणाची पाकिटंही असतात. नाहीच मिळाले तर लापशीचा दलिया तासभर भिजवून चालतो. ओट्सचा हलीम म्हणून जो प्रकार रील्समध्ये फिरतो, तो झटपट होतो, पण त्याला हलीम म्हणणं जरा धाडसाचं आहे. हरभरा, तूर, मसूर, मूग आणि उडीद या डाळी दोन-दोन चमचे आणि मूठभर तांदूळ दोन तास आधी भिजवायचे.

धान्य आणि डाळी हळद-मीठ घालून भरपूर पाण्यात शिजवायच्या. पाणी निदान पाच-सहा वाट्या. एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. डाळ आणि जव फेसाळतात, फेस शिट्टीच्या भोकात अडकला तर कुकर धोकादायक होतो. एक शिट्टी झाली की आच मंद करून पाऊण तास.

दुसऱ्या भांड्यात तीन मोठे कांदे उभे पातळ चिरून तुपात खरपूस तळायचे. निम्मे वरून घालायला बाजूला ठेवायचे. उरलेल्यात शहाजिरे, खडा मसाला, आलं-लसणाचं वाटण, हिरवी मिरची, मग अर्धा किलो दस्तीचं मटण हाडासकट, मोठे तुकडे. पाच-सात मिनिटं परतून अर्धी वाटी फेटलेलं दही, धने पूड, मीठ आणि पाणी. पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर निदान चाळीस मिनिटं. बोटाने दाबल्यावर तुकडा फुटला पाहिजे, नाहीतर पुन्हा चढवायचा. हाडं काढून टाकायची, रस्सा जपून ठेवायचा.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळे इथेच चुकतात. मटण मिक्सरला लावायचं नाही. पातं धागे कापतं, आणि मग उरते ती पेस्ट. लाकडी रवी किंवा जाड डावाने दाबत, भांड्याच्या कडेला घासत घोटायचं. दोन काट्यांनी ओढूनही धागे सुटतात. गहू-डाळ मात्र मिक्सरमधून एक-दोनदा नुसती फिरवली तरी बिघडत नाही. मग दोन्ही एकत्र करून, रस्सा थोडाथोडा घालत, जाड बुडाच्या पातेल्यात अर्धा-पाऊण तास मंद आचेवर ढवळत राहायचं. हात थांबला की बुडाला लागतं, आणि लागलेल्याचा वास पूर्ण पातेल्याला येतो. खिचडा दाट झाला की पिठल्यासारखा फदफदतो आणि शिंतोडे हातावर उडतात, म्हणून लांब दांड्याचा डाव घ्यावा.

वरून तळलेला कांदा, पुदिना, कोथिंबीर, आल्याच्या बारीक काड्या, चाट मसाला आणि लिंबू. लिंबू ऐच्छिक नाही! एवढ्या तुपाला आणि जिलेटिनला आंबटपणाची धार लागतेच.

त्याच मटणातून क्यूबाही

मटण थोडं जास्त शिजवलं तर रोपा बिएहाही करून बघता येतो, आणि तो खिचड्यापेक्षा बराच सोपा. त्यासाठी मटण दही-मसाल्याशिवाय, नुसतं मीठ, कांदा आणि तमालपत्र घालून शिजवायचं. धागे सोडवायचे. तेलात कांदा, लसूण आणि ढोबळी मिरचीच्या लांब चिरा परतायच्या. क्यूबात या परतलेल्या मिश्रणाला ‘सोफ्रीतो’ म्हणतात, आपल्या फोडणीसारखंच ते सगळ्या स्वयंपाकाचं मूळ. त्यात टोमॅटो, जिरेपूड आणि थोडा रस्सा घालून मटणाचे धागे सोडायचे आणि वीस मिनिटं उकळू द्यायचं. लाल तिखट घालायचा मोह होतो, पण मूळ पदार्थ तिखट नसतो. हिरवी ऑलिव्ह मिळाली तर उत्तम, नाहीतर शेवटी चमचाभर व्हिनेगर. सोबत पांढरा भात आणि काळ्या घेवड्याची उसळ. काळा घेवडा नसेल तर राजमा.

याच धाग्यांचे शेजारच्या देशांत वेगळे अवतार आहेत. व्हेनेझुएलात ते ‘कार्ने मेचादा’ म्हणून भात, काळा घेवडा आणि तळलेल्या केळ्याबरोबर येतात. क्यूबातच ‘बाका फ्रीता’ म्हणून लिंबू-लसूण लावून तव्यावर कुरकुरीत करतात. हा दुसरा प्रकार पावात घालून खायला मुंबईकराला शिकवावं लागणार नाही.

खिचडा उरला तर फ्रिजमध्ये तो थिजून वडीसारखा घट्ट होतो. तसाच गरम करायला ठेवला तर करपतो. आधी कपभर उकळतं पाणी घालून डावाने मोडायचा, मग मंद आच. मीठ पुन्हा चाखायचं आणि लिंबू ताजं पिळायचं. दुसऱ्या दिवशी तो आदल्या दिवसापेक्षा चांगला लागतो, असं बऱ्याच घरांत मानतात, आणि मुद्दाम थोडा जास्त करतात.